गळ्यातली आजी

मुरबाडच्या फोटोवाल्याने मला न विचारता माझा गळा साफ करून दिला. शाळेच्या नव्या ओळखपत्रासाठी फोटो लागणार होता, म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्याच्याकडे जाऊन बसून आले होते. त्याने नुकताच कॉम्प्युटर आणला होता आणि त्यावर काय काय करता येतं हे अख्ख्या तालुक्याला दाखवायची त्याला घाई झाली होती. पाकीट हातात देताना म्हणाला, "बाई, गळ्याचं पण काम करून टाकलंय. बघा, वळखणार नाय तुमी सवताला." मी पाकीट उघडलं. कपाळ माझं, टिकली माझी, साडीचे काठ माझे, आणि हनुवटीखाली कुणातरी भलत्याच बाईचा सपाट, गुळगुळीत गळा. मी आधी हात गळ्याकडे नेला आणि गाठ जागेवर आहे ना, ते चाचपून पाहिलं. होती. आवळ्याएवढी, मऊ, जराशी कोमट. हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचाच राग आला. दुसरीच्या वर्गाची मास्तरीण, घरी नवरा, एक शाळेत जाणारी मुलगी, आणि गळ्यावरची गाठ हरवली की काय म्हणून भर बाजारात छातीत धस्स होतं! असल्या बाईला काय म्हणावं? फोटोवाला अजून कौतुकाची वाट बघत उभा होता. मी "छान आलाय" म्हणाले आणि बाहेर पडले.

ही गाठ माझी नाही, हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. ती माझ्या आजीची. माझ्या बापाची आई, तिचंही नाव माझंच, सुंदरा, आणि तिच्या गळ्यावरही अशी गाठ होती. ती गेली तेव्हा बा पाड्यावर नव्हता. आमचा पाडा डोळखांबच्या वर, डोंगराच्या कुशीला. भात झोडून झालं की अर्धा पाडा भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जायचा आणि शिमग्याला परतायचा. त्या वर्षी बा भट्टीवर गेला आणि मागे आजी वारली. निरोप घेऊन कोण जाणार, आणि एवढ्या भट्ट्यांतून त्याची भट्टी कोण शोधणार? चुलत आजोबांनी अग्नी दिला, त्यांच्याच पोराने केस-मिशा उतरवून डोकं केलं, दिवस झाले. बा शिमग्याला आईसाठी लुगडं घेऊन आला तेव्हा चुलीपुढची तिची जागा सारवून कोरडी झाली होती. तो रडला नाही म्हणतात. लुगडं आढ्याला बांधून ठेवलं आणि कामाला लागला. पुढल्या दिवाळीनंतर, भात झोडून होता होता मी झाले. सुइणीने पुसून मला त्याच्या हातात दिलं, तर माझ्या गळ्यावर, अगदी मधोमध, हरभऱ्याएवढी गाठ. बा तिथेच अंगणात मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आली रं, माजी आय आली." कुणी हसलं नाही. आमच्याकडे गेलेलं माणूस घरातच परत येतं, काही ना काही खूण घेऊन येतं. कुणाचा तीळ, कुणाचं वाकडं बोट. बारशाला तसं बोलायचं, त्याचं नाव ठेवायचं आणि विसरून जायचं, अशी रीत. माझा बा तेवढं विसरला नाही.

तो मला आये म्हणायचा. लाडाने मुलीला आई म्हणणारे बाप पुष्कळ असतात. हा लाड नव्हता. मी बाजेवर बसायची आणि तो खाली, माझ्या पायांशी. भाकरीचा पहिला तुकडा मला. भट्टीवर निघताना माझ्या पायांवर डोकं ठेवून निघायचा, आणि माझी पावलं तेव्हा त्याच्या तळहाताएवढीसुद्धा नव्हती. संध्याकाळी जवळ बसून सगळं सांगायचा. मुकादम कसा घालूनपाडून बोलला, कंबर कुठे धरली, बैल का लंगडतो, आणि तानी म्हणजे माझी आई कशी फुगून बसते. मला त्यातलं काय कळणार, पण मधूनमधून "बरं बरं" म्हणायचं असतं एवढं मी शिकले होते. मी "बरं बरं" म्हटलं की त्याचा चेहरा मोकळा व्हायचा. आईचे मात्र हाल. सासूने तिला जन्मभर छळलं होतं. "म्हातारी मेली तवा म्हटलं सुटले," ती बायकांना सांगायची, "तर भवानी माज्याच पोटी आली." मला मारायला तिने हात उगारला की बा कळवळून म्हणायचा, "आयेवर हात टाकतेस?" मग ती चुलीतलं लाकूड आपटायची आणि राखेला शिव्या द्यायची. तिचं चुकत नव्हतं. पुढे मला रविना झाली तेव्हा बाने हिशेब केला, की आईची मुलगी म्हणजे आपली बहीण. तेव्हापासून दर भाऊबिजेला तो डोळखांबहून मुरबाडला येतो, पाटावर बसतो आणि माझ्या मुलीकडून ओवाळून घेतो. माझा नवरा पंढरी एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर आहे, त्याला सगळ्या गोष्टी नीट बसलेल्या लागतात. तो म्हणतो, "तुमच्या घरात मी कोण लागतो, ते मला एकदा कागदावर काढून द्या."

हसायला येतं खरं. पण मी लहानपणी एका गोष्टीसाठी झुरले आणि ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. मला बापाकडून ओरडून घ्यायचं होतं. माझी धाकटी बहीण भिमी त्याची साधीसुधी मुलगी होती. तिला तो खांद्यावर बसवून बाजाराला न्यायचा, तिने वांडपणा केला की पाठीत धपाटा घालायचा, मग ती मुसमुसत त्याच्याच कुशीत झोपायची. मी बाजेवरून बघत राहायची. एकदा नाचणीच्या रोपात मी मुद्दाम शेळी सोडली. भिमीने सोडली असती तर तिची पाठ फुटली असती. बा धावत आला, शेळी हाकलली, आणि माझ्यापुढे उकिडवा बसून काळजीने म्हणाला, "आये, दिसत नाय का गो तुला आता नीट?" दुसऱ्यांदा मी पाण्याचं मडकं आपटलं. त्याने खापरं गोळा केली आणि माझा हात तपासला. तिसऱ्यांदा काही केलं नाही. आश्रमशाळेत घातलं तेव्हा तिथे मी कुणाचीच आई नव्हते. पहिल्याच आठवड्यात मॅट्रनबाईने ताट न घासल्याबद्दल कानाखाली वाजवली, आणि मी रडले, पण त्या रडण्यात मला जे सुख झालं ते अजून आठवतं. ते सुख टिकलं नाही. बा भेटायला आला, त्याला कुणीतरी सांगितलं, आणि त्याने सगळ्या मुलींदेखत मॅट्रनसमोर हात जोडले. "बाय, माज्या आयेला मारू नका. म्हातारी हाय ती." मॅट्रनला वाटलं, हा पिऊन आलाय. मी खांबाआड उभी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी तो जायला निघाला तेव्हा मी धावत जाऊन त्याच्यापुढे उभी राहिले, पाया पडू दिलं, आणि "बरं बरं, जा आता" म्हणाले. न म्हणून कसं चालेल? तेवढ्यासाठी तो दिवसभर चालून आला होता.

गाठ माझ्याबरोबर वाढली. घोट गिळला की वर जाते, खाली येते. वर्गात मी पाढे म्हणते तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं फळ्याकडे न बघता तिच्याकडे बघतात. अंजू नावाच्या एका चुणचुणीत पोरीने विचारलं होतं, "बाई, तुमी सुपारी गिळली आन ती उतरली नाय का?" लग्नाच्या वेळी दोन स्थळं गळा बघून परत गेली. पंढरीने बघितला, आणि म्हणाला की आपल्याला काही गळ्याशी संसार करायचा नाही. मंगळसूत्राचे मणी गाठीवर अडकून बसतात, ते मी बोटाने खाली करते, आणि ही माझी सवय रविनानेही उचलली आहे, तिच्या गळ्यात काही नसताना. म्हणजे मी गाठीला कंटाळले होते असं नाही. मागच्या थंडीत ती सुजली, लाल झाली, ताप आला, थुंकी गिळवेना. मुरबाडच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि शहापूरला कल्याणहून एक सर्जन ठरलेल्या दिवशी येतात त्यांना दाखवायला सांगितलं. सर्जन तरुण होते, शांत बोलणारे. "जीभ बाहेर काढा," म्हणाले. मी शाळेतल्या पोरांसारखी जीभ काढली. त्यांनी गाठीवर बोट ठेवलं होतं. जिभेबरोबर गाठ वर सरकली तसं त्यांचं तोंड एकदम खुललं, आवडीचं गणित सुटल्यासारखं. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आईच्या पोटात असताना गळ्यातली एक ग्रंथी जिभेच्या मुळापाशी तयार होते आणि हळूहळू खाली, आपल्या जागी उतरते. उतरली की मागची वाट बुजते. "तुमची बुजायची राहिली. त्या वाटेत पाणी साठतं, त्याची ही गाठ. परत परत सुजणार. काढून टाकलेली बरी. पण नुसती गाठ काढून भागत नाही, वाट पण काढायची, जिभेखालचं हाडाचं एक चिमूटभर टोक पण. नाहीतर परत येते."

मी विचारलं, "घराण्यात असते का ही? माझ्या आजीला होती." त्यांनी आजीची गाठ कशी होती ते विचारलं. मी बाकडून ऐकलं होतं तसं सांगितलं, की मोठी होती, म्हातारपणी वाढली, शेवटी श्वास लागायचा. ते म्हणाले, "मग ती वेगळी. तो गलगंड असणार. डोंगरात जुन्या बायकांत खूप असायचा. हिचा-तिचा काही संबंध नाही." एवढं सहज म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले. मी समोर बसले होते, आणि माझ्या डोक्यात ते वाक्य एखाद्या माशीसारखं फिरत होतं. हिचा-तिचा काही संबंध नाही. म्हणजे मी कधीच आजी नव्हते. माझ्या पायांवर ठेवलेलं ते डोकं, ते पहिले तुकडे, ती बाज, सगळं चुकीच्या पत्त्यावर आलेलं टपाल. हे मी बाला सांगितलं तर? एका वाक्यात मी मोकळी. पण त्याचं काय होईल? इतकी वर्षं त्याला आई आहे. मी बोलले की ती मागे जाऊन, त्या शिमग्यापासून, नव्हतीच असं होणार. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि ऑपरेशन पुढे ढकललं. गाठ राहिली तर बा राहतो तसा राहील. गेली तर मला काय मिळेल आणि त्याचं काय जाईल, हे मला कळत नव्हतं. थंडी गेली. गाठ परत एकदा सुजली आणि उतरली. मग तो फोटो आला. त्या सपाट गळ्याच्या बाईकडे मी घरी जाऊन परत परत बघितलं. ती सुंदर होती म्हणून नाही. ती कुणाची आई असेल तर फक्त रविनाची असेल, आणि बाप घरी असेल तर तो तिला नावाने हाक मारत असेल, असा तिचा चेहरा होता. मला तिचा हेवा वाटला. तो आठवडाभर गेला नाही तेव्हा मी डोळखांबची एसटी धरली.

बा अंगणात दोर वळत होता. मला बघून उठला, बाजेवरचं घोंगडं झटकलं, मी बसले, तो खाली बसला. म्हातारा झालाय. केस मात्र अजून दाट, मिशा पांढऱ्या. नेहमीसारखं सांगायला लागला. उजवा गुडघा रात्रीचा ठणकतो, जंगलखात्याचा नवा गार्ड लाकडं आणू देत नाही, तानी चहात साखर घालत नाही. मी तेल मागवलं आणि त्याचा गुडघा चोळत ऐकलं. मग म्हणाले, "बा, डॉक्टर गाठ कापायची म्हणतात."

त्याचा दोर वळणारा हात थांबला. "दुखती का गो आये?"

"दुखते. सुजली की गिळवत नाय."

"आन कापल्यावर?"

"मग नाय दुखणार."

तो गाठीकडे बघत राहिला. माझ्या तोंडाकडे नाही, गाठीकडेच. माझ्या जिभेवर ते दुसरं वाक्य आलं होतं, संबंध नसल्याचं. मी थुंकी गिळली. गाठ वर गेली, खाली आली, तसे त्याचे डोळेही वर गेले, खाली आले. "मंग काप," तो म्हणाला. "आयेला दुखतंय तर मी नको कसा म्हणू?" आणि जरा वेळाने, मान खाली घालून, "फकस्त मला सांग कंच्या दिवशी ते. मी असंन तिथं. या टायमाला मी असंन." मला एकदम रडू कोसळलं. तो घाबरला, त्याला वाटलं मी कापण्याला भिते, म्हणून माझ्या पायावर हात ठेवून समजूत घालत बसला.

ऑपरेशनच्या दिवशी तो शहापूरच्या दवाखान्यात आमच्या आधी येऊन बसला होता. धुतलेलं धोतर, खांद्यावर कांबळं, हातात कापडाची पिशवी. मला हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तो पुढे आला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. नर्स म्हणाली, "अहो बाबा, मुलीच्या पाया पडतात का?" तो म्हणाला, "पोर नाय, आये हाय माजी," आणि बाजूला झाला. छताचे दिवे मागे जायला लागले. मला भीती नव्हती. भूलवाल्या बाईंनी आकडे मोजायला सांगितले, मी दुसरीच्या पोरांना शिकवते तसे सुरात मोजले, आणि मध्येच कुठेतरी वाटलं की मोजणारी मी नाही. गळ्यातून कुणीतरी म्हातारी हळूहळू वर येतेय, जिभेच्या मुळापर्यंत, आणि बाहेर बघतेय, की आपला माणूस आलाय का. आलाय, मी तिला सांगितलं. बाहेर बाकड्यावर बसलाय. जा तू.

पुढचं मला पंढरीने सांगितलं. आपल्याकडे ऑपरेशन झालं की डॉक्टर काढलेला तुकडा नातेवाइकांना आणून दाखवतात, म्हणजे काम केलं याची खात्री पटते. सर्जन मास्क खाली करून बाहेर आले, नर्सच्या हातात स्टीलचा ट्रे, त्यात गाठ आणि तिच्या वरच्या टोकाला दोरीसारखी ती वाट. पंढरीने बघून मान वळवली. बा उठला, ट्रेपाशी गेला, आणि त्याने हात जोडले. मग पिशवीतून कापड काढलं, जुनं पण न वापरलेलं, घड्यांवर पिवळं पडलेलं लुगडं, आणि म्हणाला, "द्या." सर्जनना आधी समजलंच नाही. पंढरीने कसंबसं समजावलं. ते हसले नाहीत, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही. म्हणाले, "बाबा, हे आधी कल्याणला तपासायला पाठवावं लागतं. आत काही वाईट नाही ना, ते बघतात. तपासून आलं की तुम्हाला देतो." बाने विचारलं, "एकटीच जाणार का ती कल्यानला?" 

मी शुद्धीवर आले. गळ्याला पट्टी, पट्टीतून एक बारीक नळी, बोलायला बंदी. बा खाटेपाशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याला मला काय हाक मारावी ते कळेना. ते मी स्पष्ट बघितलं. आणि नंतरचे दिवस तो मला काहीच म्हणाला नाही. मुरबाडला आला की दारात उभा राहून "ऐकलं का" म्हणायचा, नवरे बायकांना म्हणतात तसं. रविना खुदखुदायची. मी पट्टीआडून खूण करून त्याला बसायला सांगायची, तर तो बाजेवरही नाही आणि जमिनीवरही नाही, उंबऱ्यावर बसायचा. सांगणं बंद झालं होतं. चहा प्यायचा आणि शहापूरला जायचा, ती कल्याणहून आली का ते विचारायला. मला वाटलं होतं गाठ गेली की काहीतरी सुटेल, किंवा तुटेल. तसं काही झालं नाही. मी नुसती रिकामी बसून असायची, आरशात सपाट गळा, खाली आडवी, लालसर रेघ, आणि बोट मणी खाली करायला उगाच वर जायचं. आजी गेली होती, मुलगी आली नव्हती. अशी मधल्यामध्ये राहिले तर काय करायचं, याची मला खरी भीती वाटायला लागली. टाके निघाले. तपासणीत वाईट काही निघालं नाही. सर्जननी शब्द पाळला आणि झाकणाच्या बरणीतला तो तुकडा बाच्या हातात दिला, हे मला नर्सकडून कळलं. त्यानंतर बा आमच्याकडे आलाच नाही. पंढरी म्हणाला, जाऊ दे, कामात असेल. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागल्यावर मी रविनाला पंढरीकडे ठेवून एकटीच पाड्यावर गेले.

एसटी डोळखांबला सोडते, पुढे चढ. ऊन टळटळीत. गळ्याची रेघ घामाने चुरचुरत होती, मी पदर गुंडाळून घेतला होता. अंगणाच्या कडेला पोचले आणि थांबले. बाजेवर कुणीतरी तुळतुळीत डोक्याचा, मिशा भादरलेला म्हातारा बसला होता. मला वाटलं घर चुकले. मग तो वळला. बा होता. कोण गेलं, भिमी की काय, हेच आलं मनात. आई गोठ्याकडून पुढे आली, माझं तोंड बघून तिला समजलं असावं. मला बाजूला ओढून म्हणाली, "कोन नाय मेलं. तुजी आजी गेली. वढ्यावर जिथं तिला जाळली व्हती तिथं त्यानं ती लुगड्यात बांधून पुरली. डोकं केलं, दिवस घातले. भात घातला पाड्याला. तुला सांगू नको म्हनाला."

मी म्हणाले, "आये, तिची गाठ आणि माझी गाठ एक नव्हती. डॉक्टर म्हणाले."

"मला काय ठावं नाय?" आई म्हणाली. "तिची ही एवढी, पपईवानी, हितं बाजूला लोंबायची. मीच तेल लावायची ना तिला. तुजा कुठं हरभरा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? सासू म्हणून वागवलंस मला!"

"शिमग्याला लुगडं घेऊन आला तवाचं त्याचं त्वांड तू नाय बगितलंस," ती म्हणाली, आणि गोठ्यात निघून गेली. मी तिच्याकडे बघत राहिले. राखेला शिव्या घालणारी ही बाई, हिने हे पोटात ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं की ते फक्त मीच ठेवलंय.

मी अंगणात गेले. बा उठला नाही. घोंगडं झटकलं नाही, सरकलाही नाही. त्याच्या उघड्या डोक्यावर ऊन पडलं होतं आणि त्या डोक्याखाली त्याचा चेहरा लहान, ओळख नसल्यासारखा दिसत होता. मला नक्की कुठे बसावं ते समजेना. मग मी खाली, त्याच्या पायांशी जमिनीवर बसले. त्याने माझ्या गळ्याकडे बघितलं, पदराकडे बघितलं, घामाकडे बघितलं. आणि ओरडला. "येवढ्या उनाची चढून आलीस? गळ्याची जखम वली हाय आन डोक्यावर काय नाय! अक्कल हाय का नाय गो तुला? मास्तरीन झालीस म्हंजे लई शानी झालीस? काय झालं असतं वाटंत म्हंजे? पोरीच्या जातीला काय कळतच नाय!" आवाज एवढा मोठा की शेजारच्या अंगणातली कोंबडी फडफडली. माझ्या आयुष्यात तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडत होता. मी मान खाली घातली. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी दोन्ही लपवत होते, भिमी लपवायची तसं. तो ओरडून दमला, मला पाणी आणायला सांगून स्वतःच उठला आणि माठाकडे गेला. तेव्हा दिसलं. उजवा पाय टाकताना तो भिंतीला धरत होता. पूर्वीपेक्षा जास्त. पाण्याचा तांब्या त्याने माझ्यापुढे ठेवला आणि बाजेवर बसताना दात आवळले.

मी म्हणाले, "बा, गुडघा लई दुखतोय का?" आणि तेल आणायला उठणार, तेवढ्यात त्याने पाय वर घेतला, धोतराखाली झाकला.

"कुठं? काय नाय," तो म्हणाला. "मला काय झालंय? बरा हाय मी."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर दुसरीकडे, डोंगराकडे नेली. मला कुठे काय ठणकतं ते बारीकसारीक सांगणारा हा माणूस, माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता. बाप मुलींशी बोलतात तसं. आता तो कुणाला सांगणार होता? मी काय मागितलं होतं आणि ते मला काय देऊन मिळालं, हे मला तिथे त्या उन्हात बसून पुरतं समजलं. तेल आणायला मी गेले नाही. मुलीने जे करायचं तेच केलं. त्याचं खरं मानलं, आणि पाणी प्यायले.